लिस्बनचे सज्जन राष्ट्राध्यक्ष आणि खानवेलची रयत

आपल्या भागातल्या जुन्या मराठी घराण्यांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते: "सालाझार वाईट खरा, पण त्याच्याआधीचे पोर्तुगीज तसे नव्हते." लग्नकार्यात, सणावारी, ओसरीवरच्या गप्पांत ते सहज उच्चारले जाते आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. या वाक्यामागे एक पक्की समजूत आहे. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही गेली व प्रजासत्ताक आले. धर्माधर्मांतला भेद कायद्याने मिटला. हिंदूंना मान मिळाला. ते प्रजासत्ताक टिकते, तर नगर हवेलीचे चित्र काही निराळेच दिसले असते, अशी ती समजूत. आम्ही ती नाकारतो. का नाकारतो, हे येथे सविस्तर मांडणार आहोत.

वाद करावयाचा तर प्रतिपक्षातला सर्वोत्तम माणूस समोर घ्यावा, अधमाधम नव्हे. १९१० ते १९२६ या सोळा वर्षांत पोर्तुगालने राष्ट्राध्यक्षांच्या आठ कारकिर्दी पाहिल्या. त्यांत कोणी वकील, कोणी कवी-इतिहासकार, कोणी डॉक्टर, कोणी लष्करी गणवेशातला हुकूमशहा. या सर्वांत विद्या, शील आणि लोकशाहीवरची निष्ठा या तिन्ही कसोट्यांवर उतरणारा, आणि दोनदा निवडून येऊन दोन्ही वेळा लष्करी उठावाने पदच्युत झालेला एकच पुरुष आहे. त्यांचे नाव बेर्नार्दिनो माशादो. ते राष्ट्राध्यक्ष असताना खानवेल, सिल्वासा आणि दादरा हा सारा मुलूख त्यांच्याच राज्यात मोडत होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत आपल्या आजोबा-पणजोबांचे राष्ट्राध्यक्ष तेच. तरीही त्यांचे नाव आज आपल्यातल्या शंभरांत एकाला ठाऊक नसेल. ज्याचा काळ आपण चांगला म्हणून वाखाणतो, त्याचे चरित्र तरी माहीत असावे.

माशादो यांचा जन्म २८ मार्च १८५१ रोजी ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरो येथे झाला. घराणे सधन, वडिलांना पुढे सरदारकी मिळाली. बालपणीच कुटुंब पोर्तुगालला परतले. कोइम्ब्रा विद्यापीठात गणित व तत्त्वज्ञान शिकून ते तेथेच प्राध्यापक झाले आणि मानववंशशास्त्र हा विषय त्या विद्यापीठात शिकविण्याचा पहिला मान त्यांना मिळाला. राजेशाहीच्या काळात ते संसदेत गेले, १८९३ साली सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री झाले आणि कारखान्यांतील स्त्रिया व मुले यांच्या कामासंबंधी नियम करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. येथपर्यंतची त्यांची वाटचाल एखाद्या प्रतिष्ठित, सुधारक वृत्तीच्या राजनिष्ठाची म्हणता येईल.

परंतु १९०३ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी राजपक्ष सोडून प्रजासत्ताकवाद्यांचा पक्ष धरला. १९०७ साली कोइम्ब्रात विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला, तेव्हा विद्यार्थ्यांवरील कारवाईच्या निषेधार्थ त्यांनी आपली प्राध्यापकी सोडली. पन्नाशी उलटल्यावर, घरी डझनाहून अधिक मुले असताना, तत्त्वासाठी नोकरीवर पाणी सोडणारा माणूस लेचापेचा नसतो. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनला क्रांती झाली. हंगामी सरकारात ते परराष्ट्रमंत्री झाले. १९११ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मानुएल द आर्रियागा यांच्याकडून ते पराभूत झाले. नंतर ब्राझीलमधील वकिलात, मग पंतप्रधानपद, आणि ऑगस्ट १९१५ मध्ये अखेर राष्ट्राध्यक्षपद. मार्च १९१६ मध्ये जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच होते. डिसेंबर १९१७ मध्ये सिदोनियो पाइश यांनी बंड करून त्यांना पदावरून दूर केले व देशाबाहेर घालविले. हे पाइशही कोइम्ब्राचेच गणिताचे प्राध्यापक! वर्षभरातच, डिसेंबर १९१८ मध्ये, लिस्बनच्या रेल्वे स्थानकात पाइश यांचा खून झाला.

माशादो परतले, १९२१ साली काही महिने पुन्हा पंतप्रधान झाले आणि डिसेंबर १९२५ मध्ये दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष. या वेळी त्यांना सहा महिनेही पुरते लाभले नाहीत. २८ मे १९२६ रोजी पुन्हा लष्करी उठाव झाला आणि त्या महिन्याअखेर त्यांनी पद सोडले. नव्या सत्ताधाऱ्यांनी त्यांना हद्दपार केले. स्पेन आणि फ्रान्समध्ये ते हुकूमशाहीविरुद्ध लिहीत राहिले. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, तेव्हा नव्वदीकडे झुकलेल्या या वृद्धास मायदेशी परत येऊ देण्यात आले. परंतु लिस्बनमध्ये राहण्याची मोकळीक मिळाली नाही. २९ एप्रिल १९४४ रोजी पोर्तु शहरी त्यांचे निधन झाले. अधिकाराचा लोभ नाही, भ्रष्टाचाराचा डाग नाही, छळापुढे नमणे नाही. या चरित्रापुढे आम्ही नतमस्तक आहोत, हे आरंभीच नोंदवितो.

आता प्रश्न असा की, या चरित्राचे आपण काय करावयाचे? शासनकर्ता घरी कसा होता, यावरून त्याच्या राज्याची परीक्षा होत नाही. त्याचे राज्य जेथे संपते, त्या शेवटच्या गावी ते कसे पोचले, यावरून ती होते. महसुली दप्तरे आयुष्यभर हाताळलेल्या आम्हांस तरी दुसरी कसोटी माहीत नाही. मंत्रालयातला ठराव कितीही उदात्त असो, तो तलाठ्याच्या वहीत कोणत्या रूपाने उतरला, तेच खरे. लिस्बनहून पणजी, पणजीहून दमण आणि दमणहून, मधला इंग्रजी मुलूख ओलांडून, नगर हवेली. साकरतोडच्या काठचे खानवेल हे या साखळीतले अगदी शेवटचे कडे. प्रजासत्ताकाची परीक्षा येथेच घेतली पाहिजे.

पण त्याआधी गोव्याचा हिशेब चुकता करू, कारण आपल्या घराण्यांतली समजूत बव्हंशी गोव्याहून उसनी आलेली आहे. गोव्यातील हिंदूंना १९१० ने खरोखर काही दिले. १९११ साली धर्मसंस्था व राज्यसंस्था यांची फारकत करणारा कायदा आला. सरकारी नोकऱ्यांची दारे उघडली. मराठी नियतकालिकांना बहर आला. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे 'भारत' १९१२ साली सुरू झाले, मडगावी त्याच वर्षी गोमंत विद्या निकेतन उभे राहिले. हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. एक, पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची आहे. घरोघरच्या मूठ-मूठ तांदळावर मराठी शाळा उभी करण्याची जिद्द गोमंतकीयांनी दाखविली, तेव्हा लिस्बनला राजाच राज्य करीत होता. दुसरी, प्रजासत्ताकाच्या ऐन उमेदीच्या काळात, १९१२ साली, सत्तरीच्या राण्यांचे शेवटचे बंड झाले आणि ते शस्त्रबळाने मोडून काढण्यात आले. समतेची घोषणा पणजीच्या कचेरीपर्यंत पोचली. सत्तरीच्या रानात मात्र जुनीच बंदूक पोचली.

गोव्याहून आता आपल्याकडे वळू. नगर हवेलीवर पोर्तुगालचा हक्क मुळात होता तरी कसला? १७७९ सालचा पेशव्यांशी झालेला तह आणि १७८३ व १७८५ सालच्या सनदा यांनी पोर्तुगीजांस मिळाले ते वर्षाला बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाचे गाव. मराठी राज्यव्यवहारात याला सरंजाम म्हणत. वसूल खाण्याचा अधिकार सरंजामदाराचा, सार्वभौमत्व देणाऱ्याचे. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला, तेव्हा १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने हेच मान्य केले की, मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेले नव्हते. इंग्रजांनी पुढे पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात चालू दिली, त्यावरून ती मानली गेली. आपल्या पूर्वजांच्या मोडी कागदांतला 'सरंजाम' हा शब्द हेगच्या न्यायालयात गाजावा, ही आपणा मराठी माणसांस अभिमान वाटण्यासारखी गोष्ट आहे. पण आमचा मुद्दा अभिमानाचा नाही. मुद्दा असा की, वसुलीसाठी मिळालेल्या मुलखाकडे पाहण्याची दृष्टी अखेरपर्यंत वसुलीचीच राहिली. राजा गेला, प्रजासत्ताक आले, सरंजामदार बदलला. सरंजाम तोच राहिला.

मताधिकाराचे पाहू. १९११ साली पोर्तुगालात कारोलीना बेआत्रिश आंजेलो नावाच्या डॉक्टर बाईंनी विधवा कुटुंबप्रमुख म्हणून मत दिले, कारण कायद्यात 'पुरुष' असा शब्द नव्हता. १९१३ साली प्रजासत्ताकाने ती पळवाट बुजविली आणि मत केवळ लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ पुरुषांपुरते राखले. त्या काळी पोर्तुगालात चारांतले तीन लोक निरक्षर होते. म्हणजे खुद्द पोर्तुगीज शेतकरी आपल्याच प्रजासत्ताकात मतावाचून राहिला. ज्या राज्याने आपल्या घरच्या नांगरधाऱ्यास मतपेटीपाशी येऊ दिले नाही, ते राज्य खानवेलच्या वारल्यास, कोकण्यास, काथोड्यास बोलावून मत देणार होते काय? शिवाय राष्ट्राध्यक्ष लोक निवडत नसत, संसद निवडत असे. माशादो दोनदा निवडून आले, ते सभागृहाच्या मतांनी. त्यांच्या निवडीत नगर हवेलीच्या आदिवासी रयतेचा वाटा शून्य होता.

मग शिक्षणाचे काय? येथे एक तुलना आपोआप सुचते. मार्च १९११ मध्ये आपले नामदार गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. गोखलेही प्राध्यापक, गणिताचे ग्रंथकार, १९०५ साली राष्ट्रीय सभेच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष. पण हाती सत्ता नाही. पुढच्याच वर्षी ते विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. योगायोग असा की, त्याच मार्च १९११ मध्ये माशादो ज्या हंगामी सरकारात मंत्री होते, त्या सरकारने पोर्तुगालात प्राथमिक शिक्षण सुधारणेचा व सक्तीचा हुकूम काढला. गोखल्यांना जे मागून मिळाले नाही, ते लिस्बनच्या प्राध्यापकांच्या सरकारने एका सहीने केले. आता त्या सहीचे खानवेलला काय झाले? १९७१ च्या जनगणनेत, म्हणजे पोर्तुगीज जाऊन सतरा वर्षे झाल्यावर आणि भारतीय शाळा सुरू झाल्यावरही, दादरा-नगर हवेलीत शंभरांत वीस माणसे साक्षर नव्हती. १९११ च्या त्या हुकुमाची धग इकडच्या पाड्यांना लागली नव्हती, याहून अधिक पुरावा कशाला हवा?

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि येथे आपल्या घराण्यांना जरा अस्वस्थ व्हावे लागेल. १९१९ साली, प्रजासत्ताकाच्याच काळात, नगर हवेलीसाठी 'ऑर्गानिझासांव आग्रारिया' ही जमीनविषयक संहिता आली. माशादो त्या वर्षी अध्यक्षपदी नव्हते, हे आम्ही सांगून टाकतो. पण प्रजासत्ताक त्यांच्याच पक्षबंधूंचे होते. या व्यवस्थेखाली ज्या सनदा दिल्या गेल्या, त्यांना आपण 'अल्वारा' म्हणतो. ठरावीक मुदतीत जमीन लागवडीखाली आणण्याची अट त्यांत असे. कागदावर योजना सुधारणेची: पडीक जमीन पिकावी, उत्पन्न वाढावे. परंतु अर्ज लिहिता येणाऱ्यासच सनद मिळते, हा जगभरच्या महसुली कचेऱ्यांचा अलिखित नियम आहे. रानात पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकविणाऱ्या वारल्याजवळ कुऱ्हाड होती, कोयता होता, बियाणे होते, अर्ज नव्हता. ज्या जमिनीला सरकार पडीक म्हणाले, ती त्याच्या दृष्टीने राखून ठेवलेली होती. कागदाने ती दुसऱ्याची झाली आणि तो तिच्यावर कूळ किंवा मजूर ठरला.

हे प्रकरण जुने झाले असे कोणी समजू नये. १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने अल्वारा आणि तेरेम हे दोन्ही धारणाप्रकार संपुष्टात आणले. १९७४ साली जिल्हाधिकाऱ्यांनी लागवडीची अट न पाळल्याच्या कारणावरून काही अल्वारा रद्द केले. त्याविरुद्धचे भांडण पन्नास वर्षे चालले आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय कायम झाला. आपल्यापैकी कित्येकांच्या ट्रंकेत अजूनही पोर्तुगीज शिक्क्याचे कागद जपून ठेवलेले आहेत. 'त्याच्याआधीचे पोर्तुगीज तसे नव्हते' हे वाक्य ज्या ट्रंकेवर बसून उच्चारले जाते, त्या ट्रंकेत काय आहे, हे बोलणाऱ्याने एकदा उघडून पाहावे. चांगुलपणाची आठवण आणि मालकीचा कागद एकाच जागी सापडावेत, हा निव्वळ योगायोग आम्हांस वाटत नाही.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, राष्ट्राध्यक्षाच्या हाती अधिकार होतेच कुठे? १९११ च्या घटनेने त्यांना संसद विसर्जित करण्याचा अधिकारही दिला नव्हता. तो १९१९ साली आला. आक्षेप खरा आहे. पण मग गोव्याच्या मुक्त श्वासाचे श्रेयही त्यांना देता येणार नाही. श्रेय घेताना राष्ट्राध्यक्ष आणि दोष देताना दुबळे शोभेचे बाहुले, असे दुटप्पी माप आम्ही वापरणार नाही. शिवाय माशादो १९१४ आणि १९२१ साली पंतप्रधानही होते. तेव्हा अधिकाराचा तुटवडा नव्हता.

दुसरा आक्षेप अस्थिरतेचा. सोळा वर्षांत चाळिसांहून अधिक मंत्रिमंडळे आली-गेली, मध्येच महायुद्ध झाले. अशा गोंधळात सात समुद्रांपलीकडच्या बहात्तर गावांकडे पाहण्यास कोणाला सवड होती? याला आमचे उत्तर असे की, त्या गोंधळात सारा थांबला नाही आणि रानातले साग तोडणेही थांबले नाही. सरकारची सवड कशासाठी असते आणि कशासाठी नसते, यावरूनच त्याचे मन कळते. आणखीही एक गोष्ट आहे. वसाहतींविषयीची आस्था हा पोर्तुगीज प्रजासत्ताकवाद्यांचा उणा पैलू होता, असे मानण्याचे कारण नाही. ती तर त्यांची जन्मकथा होती. १८९० साली इंग्लंडने निर्वाणीचा खलिता धाडून अंगोला व मोझांबिक यांमधला मुलूख सोडावयास लावला. राजाने मान तुकविली आणि त्या अपमानाच्या संतापावर प्रजासत्ताकाची चळवळ वाढली. आजचे पोर्तुगालचे राष्ट्रगीतही त्याच संतापातून जन्मले. महायुद्धात उतरताना आपल्या वसाहती शाबूत राहाव्यात हा हेतू होताच. राजाने साम्राज्य नीट राखले नाही, ही ज्यांची तक्रार, ते साम्राज्य सैल करतील अशी अपेक्षा बाळगणे भाबडेपणाचे आहे.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो: इंग्रज तरी कोठे बरे होते? सीमेपलीकडच्या उंबरगाव-डहाणूत वारल्यांची स्थिती याहून निराळी होती काय? मुळीच नव्हती. तेथे वेठबिगार होती, लग्नगडी होते, सावकार होता. पण तेथे काय घडले तेही आठवावे. १९४५ साली गोदावरी परुळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांसह त्या वारल्यांनी वेठ नाकारली, लाल बावटा धरला, गोळ्या झेलल्या आणि वेठ मोडली. त्यांच्या बाजूने ना कोणी राष्ट्राध्यक्ष उभा होता, ना कोणी व्हाइसरॉय. या तुलनेतून इंग्रजांची बाजू बळकट होत नाही. सज्जन राज्यकर्त्याची वाट पाहत बसण्याची बाजू तेवढी कमकुवत होते.

आणि आता आमच्या मते सर्वांत निर्णायक प्रमाण. १९२६ साली लिस्बनला लोकशाही मेली. वृत्तपत्रांवर बंधने आली, पक्ष संपले, माशादोंसारखे लोक परागंदा झाले. १९३० साली 'कोलोनियल अ‍ॅक्ट' आला. गोव्यात त्याचा धक्का बसला. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी ४ जुलै रोजी सरकारी कौन्सिलात उभे राहून स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारा निषेधाचा ठराव आणला. गोव्याला काही तरी हिरावले गेल्याचे कळले, कारण काही तरी मिळालेले होते. खानवेलला त्या दिवशी काय कळले? काहीच नाही. हुकूमशाही आली हे ज्याला जाणवलेच नाही, त्याच्याकडे आधी लोकशाही आली होती असे कोणत्या तोंडाने म्हणावे? २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्याआधीच कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलकडे हटले होते आणि ११ ऑगस्टला उदवा येथे ते भारतीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. पोर्तुगीज सत्तेची शेवटची पावले ज्या वाटेने गेली, त्या वाटेवरच्या पाड्यांतून त्या सत्तेच्या रक्षणार्थ कोणी धावून आल्याचे ऐकिवात नाही. दीडशेहून अधिक वर्षांच्या राज्याची, मधल्या सोळा प्रजासत्ताकी वर्षांसकट, ही पावती आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, माशादोंचे जीवन व्यर्थ गेले किंवा प्रजासत्ताकाचे विचार खोटे होते. समता, नागरिकत्व, विवेकस्वातंत्र्य हे शब्द खरेच होते. मिनेझिस ब्रागांझा, त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्या यांच्यासारख्यांनी तेच शब्द राज्यकर्त्यांवर उलटविले, तेव्हा त्यांना धार आली. आमचे म्हणणे इतकेच की, शब्द देणारा आणि ते खरे करून घेणारा यांत दुसऱ्याचे ऋण मोठे आहे. आणि आपल्या स्मरणिकांतून, व्याख्यानांतून, घरगुती आठवणींतून आपण नेमके त्यालाच वगळत आलो आहोत.

हे माप आपण माशादोंना लावले, तर तेच आजच्या कारभाराला आणि स्वतःलाही लावावे लागेल. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला. लोकसभेत आपला एक प्रतिनिधी जातो आणि ती जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, हे योग्यच आहे. परंतु विधानसभा आपणांस नाही. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच संघप्रदेश झाला आणि प्रशासकाची सही पूर्वीसारखीच वरून येते. नागरिक म्हणून त्या सहीस प्रश्न विचारण्याचा अधिकार आज खानवेलच्या वारल्यास आहे. माशादोंच्या काळी तो नव्हता. फरक मोठा आहे आणि तो कोणा सज्जनाच्या कृपेने पडलेला नाही. तो वापरला गेला नाही, तर शंभर वर्षांनी कोणी तरी आजच्या काळाविषयीही म्हणेल, 'माणसे चांगली होती हो!'

आपल्या घराण्यांविषयी बोलावयाचे तर, आपण येथे व्यापारासाठी, नोकरीसाठी, जमिनीसाठी आलो, कष्ट केले, शाळा-ग्रंथालयांना हातभार लावला, मराठी जागती ठेवली. त्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. पण लिहिता-वाचता येत असल्यामुळे जे आपल्याला मिळाले, ते न येत असल्यामुळे दुसऱ्याला मिळाले नाही, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. ते पान गाळून लिहिलेली कुळकथा वाचनीय असेल, विश्वसनीय नसेल.

म्हणून आमचे दोन स्पष्ट आग्रह आहेत. पहिला, ज्यांच्या घरी अल्वारा, सारापावत्या, मोडी वा पोर्तुगीज पत्रव्यवहार, कुळांच्या वह्या असतील, त्यांनी त्यांच्या प्रती साहित्यसंस्थेच्या स्वाधीन कराव्यात आणि त्या सर्वांना, विशेषतः आज पदव्या घेऊन पुढे येणाऱ्या आदिवासी तरुण-तरुणींना, अभ्यासासाठी खुल्या असाव्यात. आपल्या पूर्वजांविषयी ते काय लिहितील याची धास्ती बाळगू नये. खोटे लिहिले तर कागद बोलतील, खरे लिहिले तर आपण ऐकावे. दुसरा, २ ऑगस्टच्या निमित्ताने निघणाऱ्या लेखनात १७८३ वरून एकदम १९५४ वर उडी मारण्याची रीत सोडावी. मधल्या काळात राजे होते, प्रजासत्ताक होते, हुकूमशाही होती आणि या तिन्हींखाली एकच रयत होती. तिची कथा वारली, कोकणी, धोडिया म्हाताऱ्यांच्या तोंडून अजूनही थोडीबहुत मिळू शकेल. ती मिळविण्याचे काम या वर्षीच्या पावसाळ्यानंतर हाती घ्यावे. त्या कथेत बेर्नार्दिनो माशादो हे नाव बहुधा येणार नाही. ते का येत नाही, हे त्या सज्जन प्राध्यापकांच्या चरित्राशेजारी लिहून ठेवले, म्हणजे दोघांनाही न्याय मिळेल.